काँक्रीटलाही काटा हवा

कोल्हापुरात गल्लीतला रस्ता काँक्रीटचा व्हायचा असो, तालमीचा हॉल असो की कुणाच्या घराचा पहिला स्लॅब असो, अंदाजपत्रक फुगले की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, सिमेंट-स्टीलचे दरच असे झालेत, त्याला कोण काय करणार? दुसरी म्हणते, ठेकेदाराने खाल्ले. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघीही एक साधा प्रश्न विचारत नाहीत: या कामाला किती घनमीटर काँक्रीट लागायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती लागले? हा आकडा हाताशी नसताना दरावर आणि ठेकेदाराच्या हेतूवर कितीही बोलले तरी एक रुपया वाचत नाही. काँक्रीटच्या कामाचा जेवढा खर्च बाजारामुळे वाढतो, त्याहून जास्त तो साइटवर वाढतो. न तपासलेल्या जाडीत, अर्धवट नकाशात, सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लावल्यावर बदललेल्या विचारात तो मुरतो. आणि यातले बहुतेक सगळे मिक्सर सुरू होण्याआधीच ठरून गेलेले असते.

दरवाढीची तक्रार खोटी आहे असे मुळीच नाही. घर बांधणारा नोकरदार किंवा वर्गणी काढून हॉल बांधणारे मंडळ स्टीलचा भाव ठरवू शकत नाही. वर्षभर चाललेल्या कामात दोन-तीनदा भाव हलला तर मूळ हिशेब कोलमडतो, हे मान्यच करायला हवे. पण दराचे वजन किती आणि मापाचे किती, हे एकदा आकड्यांत मांडून पाहू. २०२५ च्या सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. १२८ रुपयांची वस्तू ११८ ला, म्हणजे पुरता फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचला तर गोणीमागे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास बचत. आता हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घ्या. त्याला ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडे वर, ११.८ घनमीटर काँक्रीट लागते. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या प्रमाणात घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर सुमारे ९५ गोण्या. करकपातीने या स्लॅबवर सात-साडेसात गोण्यांची किंमत वाचली. तोच स्लॅब सरासरी साडेपाच इंचांचा पडला तर साडेनऊ गोण्या जास्त गेल्या, त्यांच्याबरोबरची खडी आणि क्रश सँड वेगळी. केंद्र सरकारने दिलेली सवलत अर्ध्या इंचाने खाऊन टाकली आणि वर सुमारे तीन टनांचे जादा ओझे बीम-कॉलमवर कायमचे बसवले. करकपातीची बातमी सगळ्यांनी वाचली. त्या अर्ध्या इंचाची चर्चा कुठे झाली?

हा अर्धा इंच येतो कुठून? सेंट्रिंगच्या प्लेटा एका पातळीत नसतात. बल्ल्या किंवा जॅक भरावाच्या मातीवर, खाली फळी न देता उभे केले की काँक्रीटचे वजन आल्यावर ते खचतात. मधला भाग खाली झुकतो आणि वरून पृष्ठभाग सपाट करताना तिथे सहा-सहा इंच माल भरला जातो. कडेला मात्र चारच इंच. खर्चही वाढला आणि हवी तिथे जाडीही मिळाली नाही. उपाय अगदी स्वस्त आहे: काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी लेव्हल ट्यूबने प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांची आणि मध्याची पातळी तपासणे, ठरलेल्या जाडीचे सिमेंटचे ठोकळे ठेवणे आणि ओतताना लोखंडी सळईवर खूण करून ती जागोजागी टोचून पाहणे. पायातली गळती तर याहून मोठी असते, आणि ती मातीखाली जात असल्याने कुणालाच दिसत नाही. पाच बाय पाच फुटांच्या फुटिंगसाठी, म्हणजे कॉलमखालच्या पायासाठी, जेसीबीने सहा बाय सहाचा खड्डा काढला आणि पीसीसी, म्हणजे तळाचा बिनसळईच्या काँक्रीटचा थर, खड्डाभर पसरली, तर पीसीसीत ४४ टक्के वाढ झाली. पंचगंगेकाठच्या खोल काळ्या मातीत खड्ड्याच्या बाजू ढासळतात, तिथे हे हमखास होते. आधी दोन-तीन चाचणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे हे पाहिलेले नसेल, तर 'पायाला जास्त लागले' हे वाक्य ऐकून मान डोलावण्याशिवाय मालकाच्या हाती काही राहत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. चोरी होते, सिमेंट जाते, माल कमी उतरतो. पण चोरी नेमकी कुठे होईल, हे करार कसा केला यावर ठरते. मालासह चौरस फुटाच्या दराने काम दिले की वाचलेली प्रत्येक गोणी ठेकेदाराची असते. तिथे धोका सिमेंट कमी पडण्याचा. फक्त मजुरीवर काम दिले की माल मालकाचा. मग सांडलेल्या मालाचे, फुगलेल्या जाडीचे आणि कापून फेकलेल्या सळईचे कुणालाच सोयरसुतक नसते. म्हणजे पहिल्या प्रकारात कमी तर पडत नाही ना हे पाहायचे, दुसऱ्यात जास्त तर जात नाही ना हे. दोन्हीकडे मोजायची गोष्ट एकच आहे. स्लॅबच्या संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा. हिशेबाने ९५ हव्यात आणि ८० निघाल्या, तर स्लॅब पातळ झाला किंवा मिश्रण हलके पडले. ११० निघाल्या, तर जाडी वाढली किंवा गोण्या गेल्या. दोन-तीन टक्क्यांचा फरक समजू शकतो, पंधरा टक्क्यांचा नाही.

या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायची गरजच नाही. उसाच्या काटामारीविरुद्ध इथे आंदोलने झाली आहेत. बाहेरच्या काट्यावर वजन करून कारखान्याच्या पावतीशी ताडून पाहणे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले आहे. तोच माणूस घरासाठी आरएमसीची, म्हणजे प्लँटवर तयार केलेल्या काँक्रीटची, गाडी मागवतो तेव्हा चलनावर लिहिलेले 'सहा घनमीटर' न तपासता सही करतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो. सहा घनमीटरच्या गाडीत चौदा-साडेचौदा टन माल हवा. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी त्रयस्थ काट्यावर घ्या, वजाबाकी करा. एक टनाची तूट म्हणजे जवळजवळ ०.४ घनमीटर माल आलाच नाही. मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी खरा हवा. पाच इंची पाइपाची ४० मीटर लाइन असेल तर अर्धा घनमीटर काँक्रीट त्या पाइपातच राहते. ते आधी धरले नाही तर शेवटच्या कोपऱ्यात माल कमी पडतो, अर्ध्या घनमीटरसाठी नवी गाडी येते, आणि ती येईपर्यंत आधीचा थर धरायला लागून जोड कच्चा राहतो. वाळूचेही असेच. ओली वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान पाव हिश्शाने वाढू शकते. पावसाळ्यात ब्रासवर घेतलेल्या वाळूत चौथा-पाचवा हिस्सा नुसत्या फुगीचा असतो. वजनावर घेतली तर ही फसगत बरीच टळते.

खर्च कमी करायचा म्हटले की सगळ्यांचे लक्ष काँक्रीटकडेच जाते, आणि ही या चर्चेतली सर्वांत महागडी चूक आहे. कारण काँक्रीट वाचवताना सेंट्रिंग वाढते. समजा चार मीटरच्या एका बीमची खोली साडेचारशे मिलिमीटरवरून पावणेचारशेवर आणली. रुंदी २३० असेल तर वाचले ०.०७ घनमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी गोणी. त्यासाठी बाजूच्या फळ्या वेगळ्या मापाच्या कापल्या, सळयांभोवतीच्या रिंगा वेगळ्या मापाच्या वळवल्या, सुताराचा अर्धा दिवस गेला आणि वरच्या मजल्यावर त्या फळ्या चालल्या नाहीत. घरभर बीमची दोनच मापे आणि कॉलमची दोनच मापे ठेवली तर काँक्रीट थोडे जास्त जाते, पण त्याच फळ्या मजल्यामागून मजला फिरतात. काँक्रीटच्या इतिहासात याचा सर्वांत मोठा दाखला सिडनीच्या ऑपेरा हाउसचा आहे. १९५९ मध्ये काम सुरू झाले तेव्हा छताचा आराखडा तयारच नव्हता. राजकीय घाईने पाया आधी घातला गेला. पुढे छताचे वजन कळले तेव्हा चौथऱ्याचे कॉलम अपुरे ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९६३ चे काम १९७३ मध्ये पूर्ण झाले. आणि छत बांधता आले ते कशामुळे? १९६१ मध्ये छताच्या सगळ्या शिंपल्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायच्या असे ठरले, म्हणून त्यांच्या फासळ्या त्याच त्या साच्यांत पुन्हा पुन्हा ओतता आल्या. घाईने जे घालवले त्यातले थोडे साच्यांच्या एकसारखेपणाने परत मिळवले. आज ती इमारत जगाला प्रिय आहे आणि खर्च कुणी आठवत नाही, असे कुणी म्हणेल. देशाच्या मानबिंदूला ते परवडेल. पतसंस्थेचे कर्ज काढून बांधलेल्या घराला कसे परवडेल?

आपल्याकडचे 'छत नंतर ठरवू' वेगळ्या रूपात येते. नकाशा मंजुरीपुरता असतो, आरसीसी डिझाइन एका कागदावर, आणि जिना कुठे उतरणार हे प्लिंथ झाल्यावर ठरते. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कोणती सळई किती लांबीची आणि किती नग याचा तक्ता, हा छोट्या कामात चैनीचा प्रकार समजला जातो. सळई १२ मीटरची येते. खोलीला ४.२ मीटरचे तुकडे लागत असतील तर एका सळईत दोन बसतात आणि ३.६ मीटर उरतात, म्हणजे ३० टक्के. शेड्यूल असेल तर तेच ३.६ चे तुकडे शेजारच्या लहान खोलीला जातात. नसेल तर फिटर लहान खोलीसाठी नव्या सळया कापतो आणि उरलेले कोपऱ्यात पडते. १२ मिलिमीटरच्या अशा ४० सळया कापल्या की सव्वाशे किलोहून जास्त स्टील भंगाराच्या भावात गेले. एवढ्याने त्या तक्त्याचा खर्च बऱ्याच अंशी भरून निघतो. आणि मृगाच्या आधी स्लॅब पडलाच पाहिजे म्हणून मे महिन्याच्या शेवटी सगळे शहर एकाच वेळी सेंट्रिंग आणि मजूर शोधायला निघते, तेव्हा जो भाव पडतो त्याला दरवाढ म्हणता येणार नाही. तो उशिरा घेतलेल्या निर्णयाचा दंड आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: एवढे काटेकोर व्हायला गेलात तर दर्जाचा बळी जाईल, खर्चाला लगाम म्हणजे हलके काम. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बचतीच्या नावाखाली खरोखर तेच चालते. मिश्रण सुलभ सरकावे म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त टाकले की मजुरी वाचल्यासारखी वाटते. काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडले. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम २० या श्रेणीच्या ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणाला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. तिथे ४० लिटर ओतले तर दिलेल्या सिमेंटची बरीच ताकद पाण्यात गेली. पैसे एम २० चे दिले आणि घरात त्याहून हलके काँक्रीट आले. मिश्रण सैल हवेच असेल तर सुपरप्लास्टिसायझर वापरावे; त्याने पाणी न वाढवता काँक्रीट वाहते. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सळईखाली सरकवणे, सात दिवसांत बीमचे टेकू काढणे, दुपारी एकदा पाइप फिरवून 'पाणी मारले' म्हणणे, हीही त्याच माळेतली बचत. बाजारातल्या बहुतेक मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा टिकवावा लागतो. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी साठवले तर दहा दिवसांचा खर्च एका चांगल्या वॉटरप्रूफिंगच्या शेजारी नगण्य आहे. कोयनेचे धरण पाहा. १०३ मीटर उंचीचे ते धरण रबल काँक्रीटचे आहे, मोठाले दगड बसवून भोवती काँक्रीट भरलेले. दगडाने जेवढी जागा व्यापली तेवढे काँक्रीट कमी लागले, पण तो निर्णय आराखड्याच्या टेबलावर झाला, मिक्सरपाशी उभ्या मुकादमाने घेतला नाही. १९६७ च्या भूकंपात वरच्या भागात तडे गेले तेही धरणाचा छेद जिथे एकदम बदलतो त्या उंचीला. बचत कुठे करायची हे आधी ठरवले तर दर्जा टिकतो. ओतताना सुचलेली बचत कधीच स्वस्त पडत नाही.

आणि पैसेच कमी असतील तर? मंडळांपुढे आणि सामान्य घरमालकापुढे हा प्रश्न खराच असतो. अशा वेळी सगळेच थोडे थोडे पातळ करण्याची ओढ लागते: स्लॅब चार इंच, कॉलम नऊ बाय नऊ, रिंगा लांब लांब. त्यापेक्षा काम टप्प्यात तोडावे. राधानगरीचे धरण शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पैशाअभावी थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. थांबले तेव्हा जेवढे उभे होते तेवढे पक्के होते, म्हणून पुढच्या पिढीला त्यावर चढवता आले. घराचेही तसेच करावे: पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे, स्लॅब एकच. पण मग वर सोडलेल्या सळयांची काळजी घ्यायला हवी. शहरातल्या कितीतरी गच्च्यांवर उघड्या सळया पावसाळ्यामागून पावसाळे गंजत उभ्या आहेत. दहा वर्षांनी त्यांच्यावर मजला चढवणे धोक्याचे. हलक्या, एकास चारास आठच्या काँक्रीटमध्ये त्या झाकून ठेवल्या तर नंतर ते फोडून सळया पुन्हा वापरता येतात.

सार्वजनिक कामांत मापाचा हा दुष्काळ अधिक महाग पडतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की खर्च आटोक्यात आला, असे गृहीत धरले जाते. अंदाजपत्रकापेक्षा बरीच खालची निविदा भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची तरतूद आहे, ती चांगलीच आहे. पण खाली भरलेला दर पुढे परिमाणवाढीतून आणि जादा बाबींतून भरून काढला जातो, त्याला अनामत काय करणार? सरकारी कामाच्या बी-१ करारातल्या, परिमाणवाढीबद्दलच्या क्लॉज ३८ वर ठेकेदार आणि अभियंता दोघांचेही लक्ष असते. नागरिकाला तो असतो हेही ठाऊक नसते. काँक्रीटच्या रस्त्यात परिमाण वाढण्याची कारणे बहुधा जमिनीखाली असतात. जुनी पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल यांचा नकाशा न करता खोदाई सुरू झाली की काम अडते, आणि रस्ता झाल्यावर तोच फोडून लाइन टाकली की पुन्हा पॅच. कोल्हापूरने टोलविरुद्ध दीर्घ लढा देऊन टोल घालवला, ही या शहराची कमाई आहे. पण त्याच प्रकरणात झालेल्या रस्त्यांची किंमत नेमकी किती, यावर मूल्यांकनाचा वाद पेटला. काम पूर्ण झाल्यावर, पैसे कुणी किती द्यायचे हे ठरवताना रस्ता मोजायची वेळ का यावी? थराथराची जाडी ओतताना मोजून जाहीर झाली असती, तर वादाला एवढी जागाच उरली नसती.

म्हणून मागणी दराची चौकशी करण्यापुरती ठेवू नये. प्रभागातल्या प्रत्येक काँक्रीट कामाच्या जागी, काम सुरू होण्याआधी, फलकावर रकमेबरोबर लांबी, रुंदी, जाडी, एकूण घनमीटर आणि काँक्रीटची श्रेणी लिहिलेली असावी. जमिनीखालच्या लाइनींचा नकाशा त्या-त्या खात्याच्या सहीसह तयार असल्याशिवाय कार्यादेश निघू नये. ओतण्याच्या दिवशी प्रत्येक गाडीची काट्याची पावती चलनाला जोडावी आणि त्या संध्याकाळी बेरीज मोजमाप पुस्तकात चढावी, दोन रहिवाशांच्या सहीने. हे किचकट आहे, कनिष्ठ अभियंत्यावर आधीच कामाचा बोजा आहे, हे खरे. पण पावत्यांची बेरीज करायला लागतो तो अर्धा तास. ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, म्हणजे क्यूबचे, नमुने आयएस ४५६ प्रमाणे घ्यावेत: पाच घनमीटरपर्यंत एक, पंधरापर्यंत दोन, तीसपर्यंत तीन, प्रत्येक नमुन्यात तीन क्यूब, आणि त्यांच्यावर तारीख व ठिकाण रहिवाशांसमोर कोरावे. त्यांचा अहवाल २८ दिवसांनी येतो. अंतिम बिल त्याआधी निघू नये, आणि निघाले तर कुणाच्या सहीने निघाले हे त्याच फलकावर लिहावे.